हवेतलं बोट

"सिस्टर, दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन बसल्यावर दुपारचा घास घशाखाली उतरतो का हो?"

प्रश्न तिचा नव्हताच. तो मागच्या बाकावरून कानातून कानात सरकत पुढे आला होता, आणि शेवटी वकिलीणबाईंनी, म्हणजे तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने, जिला वाद घातल्याशिवाय डबासुद्धा उघडता येत नाही, तिला कोपराने ढोसून म्हटलं होतं की विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून तुला भोंगा म्हणणं बंद. धमकी साधी नव्हती. भोंगा हे नाव तिने कमावलेलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीच्या वेळचा तिचा 'हजर' तिलाच ऐकू यायचा नाही. बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि गैरहजेरी मांडून पुढे जायच्या, आणि ती समोर बसलेली असायची, स्वतःच्याच गैरहजेरीत, गुडघ्यावर हात ठेवून. मग खेळांच्या दिवशी निवेदन करणाऱ्या बाईंचा घसा बसला, कुणीतरी तिच्या हातात माईक कोंबला, आणि त्या काळ्या जाळीतून जो आवाज बाहेर पडला तो मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तिला वाटलं, अरेच्चा, ही कोण? तेव्हापासून ती स्वतःला ऐकत होती आणि ऐकून तिचं पोट भरत नव्हतं. जिन्यात गायची, दुकानदाराशी हुज्जत घालायची, झोपेत बडबडायची. त्यामुळे सभागृहात तो प्रश्न विचारला गेला तो इतका खणखणीत की पंख्यापर्यंत जाऊन तिथेच गोल गोल फिरत राहिला. पहिल्या रांगेतल्या बाईंची मान वळली. मागे कुणीतरी हसू दाबताना शिंकलं.

सिस्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. शाळेमागच्या सरकारी दवाखान्यात त्या मधुमेहाच्या माणसांचे पाय तपासायच्या, म्हणून शाळेत त्यांचं नाव पायवाल्या सिस्टर, आणि आज त्या आपल्या कामाबद्दल सांगायला शाळेत आल्या होत्या. अंगाने रुंद, चाल संथ, हात सारखे धुऊन धुऊन कोरडे पडलेले. त्यांनी भोंग्याला पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं, आणि बूट-मोजा काढ म्हणाल्या. मोजा काढताना तिला आठवलं की अंगठ्याचं नेलपॉलिश अर्धं खरवडलेलं आहे, आणि आता ते सगळ्या वर्गाला दिसणार. पण तोवर सिस्टर स्वतः खाली बसल्या होत्या, जमिनीवर, पांढऱ्या साडीची पर्वा न करता, आणि त्यांनी सांगितलं, डोळे मीट, माझं बोट लागलं असं वाटलं की हो म्हण. डोळे मिटल्यावर सभागृह लांब गेलं. पापण्यांच्या आतल्या लालसर अंधारात ती एकटीच उरली आणि तिचा पाय कुठेतरी खाली, विहिरीच्या तळाशी असल्यासारखा. मग अंगठ्याच्या टोकावर काहीतरी उतरलं. दाबलं नाही, टोचलं नाही, नुसतं येऊन बसलं आणि उडून गेलं. हो, ती म्हणाली. मग मधल्या बोटावर. हो. मग करंगळीवर, जी करंगळी आपल्याला आहे हे तिला कित्येक महिने आठवलंच नव्हतं, आणि त्या हलक्या स्पर्शाने ती करंगळी एकदम जागी झाली, कुणीतरी नाव पुकारल्यावर दचकून उभी राहावी तशी. तिला गंमत वाटली. बोटं हजेरी देत होती. एकेक उठून हजर म्हणत होतं, आणि तो आवाज पायातून वर चढून तिच्या तोंडातून बाहेर पडत होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. ती वाट बघत राहिली आणि मग म्हणाली, आत्ता काही नाही.

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता माझं बोट हवेत होतं." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "घास उतरतो गं, चांगला दोन वेळा उतरतो. पण एखादा माणूस डोळे मिटून बसतो, मी त्याच्या पायाला हात लावते आणि तो काही बोलतच नाही, त्या दिवशी जरा जड जातो."

पुढचं त्या सगळ्या वर्गाला सांगत होत्या, तरी तिला वाटत होतं की त्या फक्त तिच्याच उघड्या पायाशी बोलतायत. मधुमेह फार वर्षं नीट सांभाळला नाही की पायाची जाणीव बोटांपासून विझत जाते, दुखत काहीच नाही, म्हणून माणूस खुशीत असतो. दुखणं म्हणजे कटकट्या शेजारी, सिस्टर म्हणाल्या, रोज दार वाजवतो, नकोसा होतो, पण घरात धूर झाला तर पहिला तोच ओरडतो. तो गप्प झाला की बुटातला खडा दिवसभर पायाखाली असतो आणि कळत नाही, गरम पाणी भाजतं आणि कळत नाही, साधा फोड जखम होतो, जखम खोल जाते, आणि माणूस आमच्याकडे येतो तेव्हा कधी कधी पाय वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. आमचं काम त्याच्या आधीचं, त्या म्हणाल्या. रोज बघायला शिकवायचं. ज्याला स्वतःला कळत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बघायचं. ती मोजा हातात धरून बसली होती. घालायचं भानच नव्हतं. तिच्या डोक्यात एकच शब्द येऊन बसला होता: गेंडा.

गेंडा म्हणजे बाबा. हे नाव घरातलं, हसण्यातलं. आई घरी बसून लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापात बसवायची. कुणाचं वजन उतरलं, कुणाचं चढलं, हे डॉक्टरच्या आधी आईला कळायचं. तिच्या शिवणयंत्राच्या आसपास टाचण्या सांडायच्या आणि संध्याकाळी ती एक नालाच्या आकाराचं लोहचुंबक दोरीला बांधून खोलीभर फिरवायची, कुत्र्याला फिरवल्यासारखं, आणि टाचण्या टकटक करत त्याला येऊन चिकटायच्या. तरी एकदा एक सुटली. बाबा अनवाणी बसून वर्तमानपत्र वाचत होते, पायावर पाय टाकून, आणि भोंग्यालाच ती दिसली, टाचेत अर्धी रुतलेली, निळ्या मण्याच्या डोक्याची. बाबांनी वाकून बघितलं, चिमटीत धरून ओढून काढली, आणि टाळी मागितल्यासारखा हात पुढे करून म्हणाले, बघितलंत, गेंड्याची कातडी. किती हसलो आपण, तिला आठवलं. आईसुद्धा हसली होती, तोंडात दोन टाचण्या धरून. आणि ते पाणी. दिवसभर दुकानात गुडघे दुमडून बसून आल्यावर बाबा पाय टबात सोडायचे आणि ती किटलीतून पाणी ओतायची; तिच्या स्वतःच्या बोटांना चटका बसायचा आणि बाबा म्हणायचे, गार आहे गं, ओत अजून, कंजूसपणा करू नकोस. वाफेच्या पलीकडे त्यांचा चेहरा इतका शांत असायचा, किती शांत, जणू तो टब त्यांच्या पायांपासून फार लांब, दुसऱ्याच कुणाच्या घरात ठेवलेला होता.

शाळा सुटल्यावर वकिलीणबाई सोबत निघाल्या आणि प्रश्नाचं उत्तर मिळालं की टाळलं गेलं यावर वाद घालत राहिल्या. तिने कशालाच उत्तर दिलं नाही तेव्हा त्यांनी भोंग्याची बॅटरी उतरली असं जाहीर केलं आणि आपल्या वळणावर वळून गेल्या. ती चालत राहिली. रस्त्यावर आज नुसते पाय होते. एरवी चेहरे असायचे, आवाज असायचे, आज कुणीतरी चित्राचा वरचा भाग पुसून टाकल्यासारखं झालं होतं. टाच घासत जाणारे, चवड्यावर उड्या मारत जाणारे, एक बूट बाहेरच्या बाजूला झिजलेला, एक नवा कोरा आणि चावणारा, ज्याची मालकीण दर चार पावलांनी तोंड वाकडं करत होती, आणि तिला त्या बाईला थांबवून सांगावंसं वाटलं की बाई, तुमचं नशीब थोर आहे, तुम्हाला चावतंय. पायांची ही नदी तिला नवी नव्हती. ती तिच्या काठावरच वाढली होती. बाबा चपला-बुटांच्या मोठ्या दुकानात होते, आणि लहानपणी शाळेनंतर तिची बसायची जागा म्हणजे दुकानातल्या बुटक्या आरशामागे, जो जमिनीवर तिरका टेकवलेला असायचा आणि ज्यात माणूस फक्त गुडघ्यापर्यंत असायचा. त्या आरशात माणसं यायची आणि जायची, कुणालाही तोंड नसायचं, आणि तिला कित्येक वर्षं वाटायचं की खरी माणसं तीच, वरचं नुसतं ओझं.

दुकानात शिरली तेव्हा बाबा त्यांच्या बुटक्या स्टुलावर होते. एक पोक्त बाई समोर बसलेली, तिचा पाय त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर. बाबा तिला बूट कसा वाटतो असं विचारत नव्हते. ते कधीच विचारायचे नाहीत. गिऱ्हाईक लाजेने खोटं बोलतं, ते म्हणायचे, दुसरा नंबर मागायचा संकोच वाटतो म्हणून छान आहे छान आहे म्हणतं. म्हणून पायात बूट सरकवताना आपण पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं, बोट कुठे टेकतंय ते भुवईत दिसतं. आत्ताही त्यांनी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, काही न बोलता तो जोड बाजूला ठेवला आणि दुसरा उघडला, खोक्यातला पातळ कागद बाजूला केला, बुटात हात घालून आतली छोटी पांढरी पुडी काढली, ती दमट हवा शोषून घेणारी, आणि खिशात टाकली. त्यांचे हात बघताना तिला नेहमीच झोप यायची, चांगली झोप, उन्हात बसल्यासारखी. पण आज ती त्यांच्या पायांकडे बघत होती. स्टुलाखाली दुमडलेले ते दोन टोकदार, चकचकीत काळे बूट. नवीन माल आला की मालक प्रत्येकाला एक जोड देत, दुकानात घालून मिरवायला. या वेळी, आठवड्याभरापूर्वी, बाबांनी आपला नेहमीचा नंबर घेतला नव्हता, एक नंबर कमी घेतला होता, आणि घरी येऊन आरशासमोर उभे राहून म्हणाले होते की वय झालं की माणूस आटतो आणि पाय सगळ्यात आधी आटतात. "जुने सगळे ढगळ वाटायचे," ते म्हणाले होते, "पायात आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. हे बघ, हे कसे लागतात."

तेव्हा ते वाक्य तिच्या कानावरून गेलं होतं. आता ते बुटक्या आरशातून उलटं परत आलं. पायात आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. पाय आटले नव्हते. बूट मोठे झाले नव्हते. फक्त आवाज बारीक होत गेला होता, आणि तो ऐकू यावा म्हणून बाबांनी बूट आवळत नेले होते, कमी ऐकू येणारा माणूस रेडिओ मोठा करतो तसा, आणखी मोठा, आणखी. जगाच्या पायांचे नंबर नुसत्या नजरेने सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या पायाच्या बाबतीत त्याच्या भुवईकडे बघणारं कुणीच नव्हतं. तिला एकदम ओरडावंसं वाटलं, माईकशिवायही मैदानापलीकडे जाईल असं, पण ती पोक्त बाई आरशासमोर चालून बघत होती आणि बाबा मान किंचित तिरकी करून तिची चाल ऐकत होते. गेल्या वर्षीचा तो जुना 'हजर' तेवढा आत कुठेतरी हलला, ओठांपर्यंत न पोचणारा.

घरी संध्याकाळचा उजेड आईच्या यंत्रावर तिरका पडलेला असतो तेव्हा सगळ्या वस्तू दोऱ्याने टाचून ठेवल्यासारख्या वाटतात. तिने आईला सगळं सांगितलं, सिस्टर, शेजारी, धूर, हवेतलं बोट, आणि सांगता सांगता तिला दिसलं की आईचा पाय यंत्राच्या पायपट्टीवर थांबलाय. आई म्हणाली की यांना साखर आहे हे माहीत आहे, गोळ्या घेतात, म्हणजे आठवण केली की घेतात. पाय कुणी बघायचा असतो हे कुणी बोललंच नाही. मग म्हणाली, ते नाही दाखवणार तुला. हे खरं होतं. घराला एक न लिहिलेला नियम होता. बाबा लोकांचे पाय धरत, पण त्यांच्या पायाशी कुणी बसायचं नाही, लेकीने तर नाहीच नाही. लहानपणी ती एकदा दुकानात त्यांच्या स्टुलावर बसून खेळत होती तेव्हा त्यांनी तिला उचललं होतं, रागावून नाही, पण फार घाईने, जणू ती विस्तवावर बसली होती, आणि मालकाच्या टेबलामागच्या उंच खुर्चीत नेऊन ठेवलं होतं. तुझी जागा ही, ते म्हणाले होते. टेबलाच्या पलीकडे. त्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि तिथून बाबांचं फक्त टक्कल दिसत होतं.

म्हणून तिने नाटक केलं. दुकानातून मोडीत निघालेलं एक बुटकं स्टूल घरी होतं, आई त्यावर कापडं ठेवायची. तिने कापडं उचलली, स्टूल सोफ्यासमोर मांडलं, मांडीवर फडकं टाकलं, आणि बाबा दारातून आत आल्या आल्या कमरेत वाकून म्हणाली, या साहेब, बसा, काय दाखवू, ऑफिसला घालायचे की लग्नाचे? बाबांना हसू आलं, कारण हे त्यांचंच वाक्य होतं आणि तिने ते त्यांच्याच आवाजात म्हटलं होतं, शेवटचा सूर थोडा वर चढवून. ते बसले. मग स्टूल त्यांच्या लक्षात आलं.

"ऊठ तिथून," ते म्हणाले. "माझ्या पायाशी बसायचं नाही."

"साहेब, पसंत नसेल तर घेऊ नका. पण पाय न दाखवता नंबर कसा देऊ? आमच्याकडे तशी पद्धत नाही."

हेही त्यांचंच. आई दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मदतीच्या आशेने, आणि आईने नजर दुसरीकडे वळवली नाही, तेव्हा त्यांनी पाय पुढे केला, गिऱ्हाईकं करतात तसा, अर्धा आखडून. बूट निघायला वेळ लागला. मोजा निघाला. पाय तिच्या मांडीवर आला आणि तिला आधी त्याचा जडपणा जाणवला, मग तो कोरडेपणा, टाचेच्या भेगा, अंगठ्याच्या बाजूला बुटाने उठवलेला लाल पट्टा, जो आता मावळत नव्हता. याच पायांवर उभी राहून ती चालायला शिकली होती, त्यांच्या पावलांवर आपली पावलं ठेवून, खोलीभर, तोंड त्यांच्या गुडघ्यांकडे करून. तेव्हा ती त्यांना जड झाली असेल का? तेव्हा तरी कळलं असेल. डोळे मिटा, तिने सांगितलं, बोट लागलं की हो म्हणा. आणि तिने बोट उतरवलं, दाबलं नाही, टोचलं नाही, नुसतं बसवलं आणि उचललं. उजवा अंगठा. बाबा काही बोलले नाहीत. मधलं बोट. काही नाही. यंत्राच्या चाकावरचा उजेड हळूहळू खाली घसरत होता. करंगळी. हो, बाबा म्हणाले, आणि तिने घाईने दुसराही बूट-मोजा काढला. डावा अंगठा. गप्प. मग तिने सिस्टरनी केलं होतं तसं केलं. बोट पायाजवळ नेलं आणि तसंच धरून ठेवलं, हवेत, नखाएवढं अंतर सोडून.

"हो," बाबा म्हणाले.

तिने बोट हलवलं नाही. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर ते शहाण्या मुलाचं हसू होतं, बरोबर उत्तर दिल्यावर येणारं, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, हो, आणि मग पुन्हा, हो, आणि बोट हवेत होतं. वर्गात असंच चालायचं. बाक रिकामा असला की शेजारची आवाज बदलून हजर म्हणायची, बाईंना कळू नये म्हणून, मैत्रिणीला शिक्षा होऊ नये म्हणून. बाबा आपल्या गैरहजर बोटांची खोटी हजेरी लावत होते. लेकीला वाईट वाटू नये म्हणून. छान आहे, छान आहे. तिला त्यांच्या भुवईकडे बघायचं होतं, त्यांनीच शिकवलं होतं तसं, पण भुवई सपाट होती, आणि ते हवेतलं बोट इतकं जड झालं की तिला वाटलं आता हात गळून पडेल, आणि कुठलीतरी फार मोठी इमारत होती जिच्या खिडक्यांतले दिवे खालच्या मजल्यापासून एकेक करून मालवले जात होते, आणि वरच्या मजल्यावर बाबा बसून हसत होते, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. तिने बोट आपल्या मुठीत घेतलं. दोन्ही पाय उलटून बघितले. डाव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, घट्ट पिवळी कातडी जमली होती आणि तिच्या मधोमध एक काळपट लाल ठिपका होता, पाण्याखालून दिसावा तसा.

डावा बूट आईने उचलला. कपड्याच्या शिवणीत विसरलेली टाचणी शोधताना आईची बोटं जशी चालतात तशी ती बुटाच्या आत चालली आणि चवड्यापाशी थांबली. आतून निघाली ती छोटी पांढरी पुडी. चपटी झालेली, एका कडेने फाटलेली, आतले काचेसारखे मणी सांडलेले. आईने ती तळहातावर ठेवून पुढे केली. बाबांनी डोळे उघडले होते. ते त्या पुडीकडे बघत राहिले. गिऱ्हाईकामागून गिऱ्हाईक, खोक्यामागून खोकं, ज्या माणसाने ती पुडी काढल्याशिवाय कुणाच्या पायात बूट सरकवला नव्हता, तो ती स्वतःच्या पायाखाली घेऊन हा सगळा आठवडा उठत होता, बसत होता, माडीवरच्या गोदामात चढत होता. त्यांनी दोन बोटांनी एक मणी उचलला, उजेडासमोर धरला.

"ही तर..." ते म्हणाले. गेंडा हा शब्द त्या घरात नंतर कुणी उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही शाळेमागच्या दवाखान्यात होते. बाबा बाकावर बसले होते ते पाय बाकाखाली लपवून. सिस्टरनी भोंग्याला ओळखलं, पण कालच्या प्रश्नाचं नावही काढलं नाही. त्यांनी बाबांचा पाय धरला आणि तो इतका सहज धरला की बाबांना संकोचायला सवड मिळाली नाही; पावलावरची नाडी बोटांनी शोधली, हाताच्या पाठीने दोन्ही पायांची ऊब ताडून बघितली, बोटांच्या बेचक्यात डोकावल्या. नायलॉनचा एक ताठ धागा होता, तो टेकवून टेकवून त्यांनी पुन्हा सगळी हजेरी घेतली, आणि या वेळी बाबा खोटं बोलले नाहीत. जिथे कळलं नाही तिथे ते म्हणाले, कळलं नाही, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा बारीक झाला. मग सिस्टरनी एका बारीक पात्याने जमलेली कातडी पातळ पातळ सोलत नेली. भोंगा वाकून बघत होती. पातं पुढे जात होतं, आणखी एक पापुद्रा, आणखी एक, त्या काळपट ठिपक्याकडे, आणि खाली जे काही असेल ते असणारच होतं, आधीपासून, कुणी बघो न बघो. आई भिंतीवरचं घड्याळ बघत होती. शेवटचा पापुद्रा निघाला. खाली कातडी होती. लालसर, नाजूक, रक्त साकळलेली, पण शाबूत.

"फुटलेली नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. "अजून चार दिवसांनी आला असतात तर मी हे म्हणाले नसते."

डॉक्टर येऊन बघून गेले, गोळ्या बदलल्या, साखर तपासायला लिहून दिलं. सिस्टर मात्र उठल्या नाहीत. त्यांनी जमिनीवर एक कागद ठेवला, बाबांना त्यावर उभं केलं, पेन्सिलीने पायाची कड आखली, आणि तो चकचकीत काळा बूट त्या आकृतीवर ठेवला. पाय बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता, भाकरीच्या काठासारखा. मग त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते अगदी मनापासून, जाणकाराला विचारावं तसं, की हा पाय तुमच्या दुकानात आला असता तर तुम्ही काय दिलं असतं? बाबा कागदावर वाकले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर ओळखीचा भाव आला, कामाचा. एक नंबर वर, ते म्हणाले, रुंद तोंडाचा, लेसचा, आत शिवण नसलेला, मऊ अस्तर. पुढे म्हणाले, आणि हा जोड त्यांना मी मुळीच विकला नसता, भांडण झालं असतं तरी. तेच द्या मग त्यांना, सिस्टर म्हणाल्या. घरातसुद्धा अनवाणी नाही. पाय भिजत घालायचे नाहीत, आणि आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. बूट घालण्याआधी आत हात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आणि रोज एकदा कुणीतरी बघायचं, तळवा, बेचकी, सगळं, नवा रंग दिसला, पाणी दिसलं, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्याच दिवशी इथे. बाहेर पडताना भोंगा मागे रेंगाळली. तिला काहीतरी विचारायचं होतं, स्वतःचं, कुणी पैज न लावलेलं, पण सिस्टर हात धूत होत्या, सावकाश, बोट न् बोट, आणि तिला वाटलं की उत्तर तेच आहे.

त्या संध्याकाळी बाबा आले ते मऊ, रुंद, अगदी कुरूप बुटांत. मालकाला त्यांनी सांगून टाकलं होतं की मिरवायला दुसरा कुणी बघा. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर दुकानातल्या एका जुन्या बुटक्या आरशाचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तळवा दिसायला, ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. आईने लोहचुंबक खोलीभर दोनदा फिरवलं. तिने स्टूल मांडलं, फडकं टाकलं, आणि बाबांनी पाय पुढे केला, तरी आखडूनच, पण केला. आरशात तो एकटा पाय दिसत होता, वरचं कुणीच नाही, आणि तिला पुन्हा ते जुनं वाटणं आठवलं, की खरी माणसं हीच. उजेड खाली घसरत चाकापर्यंत आला होता. ठिपका कालच्यापेक्षा फिकट होता. तिने बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, तळव्याला मलम चोळलं, बेचक्यांत नाही, आणि बाबा म्हणाले बास आता, ऊठ, अभ्यास कर, तुझी जागा इथे नाही, टेबलाच्या पलीकडे आहे. आणि आयुष्यभर मी खाली बसलो ते तू तिथे बसावीस म्हणून. हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की आई यंत्राआड थांबली.

ती उठली नाही. पाय तिच्या मांडीवर होता, जड, कोरडा, ओळखीचा. माईक लागला नाही, आवाजही चढला नाही, तरी तिचं तिला नीट ऐकू आलं.

"आई, तूही ऐक. मी ठरवलंय. मी पायांची सिस्टर होणार. टेबलाच्या पलीकडे नाही, मी याच उंचीवर बसणार, बाबांच्या. आणि शिकून होईपर्यंत रोज संध्याकाळी इथे. बाबा, तुम्ही फक्त एक करायचं, खोटी हजेरी लावायची नाही. जे गैरहजर आहेत त्यांना गैरहजर राहू द्या. मी रोज येऊन त्यांची नावं घेईन."